500 च्या वर हॉर्सपॉवरची गाडी पहिल्यांदा ड्रॅग स्ट्रिपवर नेताना

एवढी पॉवर हातात आली की वाटतं, ट्रॅकवर जायचं, पाय दाबायचा आणि टायमिंग आपोआप येणार. नाही येत. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे सरळ रेषेत गाडी पळवून वेळ मोजायचा ट्रॅक, तिथला रन बहुधा क्वार्टर माइलचा, म्हणजे 1320 फूट, साधारण 402 मीटर, आणि त्यातले पहिले 60 फूट फसले तर पुढे गाडीने कितीही जोर लावला तरी ती वेळ भरून निघत नाही. उलट पहिल्या 60 फुटांत एक दशांश सेकंद वाचला की शेवटच्या टायमिंगमध्ये दीड-दोन दशांश सहज वाचतो, त्यामुळे तयारी करायची ती या 60 फुटांसाठीच, असं माझं ठाम मत आहे.

घरून निघायच्या आधी व्हील नट टॉर्क रेंचने बरोबर टॉर्कला आहेत का बघा, ब्रेक पॅड, ऑइल, कूलंट, कुठे गळती, टायरचं वय हे सगळं बघा. पेट्रोल फुल नको कारण वजन वाढतं, पण अगदी तळालाही नको, लाँचला, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, सगळं पेट्रोल टाकीत मागे ढकललं जातं आणि पंपाला हवा मिळाली तर इंजिन नेमकं भर रनमध्ये गुदमरतं. इन्शुरन्सची पॉलिसीही एकदा काढून वाचा, बहुतेक साध्या पॉलिसीत रेसिंग किंवा टाइम लावलेल्या इव्हेंटमधलं नुकसान धरत नाहीत.

पोचल्यावर गाडी रिकामी करायची. डिकीतलं सामान, बाटल्या, चार्जर आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट, ते सरकून पेडलखाली गेलं तर काय होईल ते सांगायला नको. मग टेक इन्स्पेक्शन होतं, बॅटरी घट्ट बसवलीय का, बेल्ट नीट आहे का, काही गळतंय का असं बघतात. फुल पँट आणि बंद बूट लागतातच. हेल्मेट नवीन घेणार असाल तर एसए रेटिंगचंच घ्या, कारण त्याची आगीसाठीही टेस्ट झालेली असते, बाइकच्या एम रेटिंगच्या हेल्मेटची तशी होत नाही.

एक गोष्ट ट्रॅकवाल्यांना आधीच विचारा, ती म्हणजे कितीच्या खाली टाइम गेला तर रोल बार (गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा लोखंडी पाइप) लागतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेच्या नियमात जुनी मोठी रेषा 11.49 सेकंदांची, नवीन मॉडेलच्या कंपनीतून आल्या तशाच ठेवलेल्या गाड्यांना त्यात सूट दिलेली आहे, पण तुमच्या ट्रॅकवर काय चालतं ते तिथेच कळेल. आजकालच्या स्टॉक गाड्या इतक्या फास्ट आहेत की पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असं होऊ शकतं. 2018 च्या डॉज डीमनचा कंपनीनेच जाहीर केलेला टाइम 9.65 होता!

आता टायर. साधे रोडचे टायर असतील तर पॉवर ज्या चाकांना जाते त्यांची हवा थोडीच कमी करा, 3-4 पीएसआय. बारीक साइडवॉलच्या टायरमधली हवा फार काढली की मधला भाग वर उचलतो आणि ग्रिप वाढायच्या ऐवजी कमीच होते. ड्रॅग रेडियल, म्हणजे ड्रॅगसाठीच बनवलेले जास्त ग्रिपचे टायर, असतील तर गोष्ट वेगळी, ते गरम असताना 18-20 च्या आसपास चालतात. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर सुरुवातीला हवेला हातच लावू नका.

लाइनमध्ये लागायच्या आधी एसी बंद. एसीचं पाणी खाली ठिबकतं, ते तुमच्याच टायरखाली येतं आणि तुमच्या मागच्याच्याही. काचा वर. पुढे वॉटर बॉक्स लागतो, तिथे पाणी मारलेलं असतं, रोडच्या टायरवाल्यांनी त्याला वळसा घालून जायचं. नक्षीच्या खाचांत पाणी भरलं की ते थेट स्टार्ट लाइनवर सांडतं आणि सगळ्यांचा दिवस खराब होतो. मोठा बर्नआउट, म्हणजे गाडी जागेवर ठेवून चाकं फिरवून टायर तापवणं, करायची काही गरज नाही, टायरला चिकटलेले खडे उडतील एवढं कोरड्या जागेवर एकदा चाक फिरवलं की बास. ड्रॅग रेडियलवाल्यांनीसुद्धा पाण्याच्या कडेलाच थोडं ओलं करून छोटा बर्नआउट मारावा.

स्टार्ट लाइनजवळ चालून बघाल तर बूट खाली चिकटतात, एवढं रबर आणि चिकट केमिकल तिथे असतं. त्या काळ्या पट्ट्याला ग्रूव्ह म्हणतात. गाडी त्यातच ठेवायची, बाहेर गेलं की ग्रिप एकदम संपते.

स्टेजिंगची, म्हणजे स्टार्ट लाइनवर गाडी नेमकी उभी करायची, लोकांना उगाच भीती वाटते. हळू पुढे सरकायचं, ट्रीवरचा, म्हणजे समोरच्या दिव्यांच्या खांबावरचा, वरचा प्री-स्टेजचा दिवा लागला की थांबायचं, शेजारच्याचाही लागू द्यायचा, आणि मग जेमतेम 7 इंच पुढे गेलं की स्टेजचा दिवा लागतो. लागल्या लागल्या थांबा, अजून पुढे सरकू नका, कारण पुढचं चाक लाइनवरच्या सेन्सरच्या किरणातून बाहेर पडल्यावरच घड्याळ सुरू होतं आणि तेवढं अंतर तुम्हाला फुकट मिळतं. साध्या ट्रीवर तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. रेस असेल तर तिसऱ्या पिवळ्यालाच निघायचं असतं, पण पहिल्या दिवशी त्याची घाई अजिबात नको, रिअ‍ॅक्शन टाइम वेगळा मोजतात, तो ईटीमध्ये, म्हणजे गाडी सुटल्यापासून फिनिशपर्यंतच्या वेळेत, धरत नाहीत.

पहिला रन लाँच कंट्रोलशिवाय (गाडी सुटताना पॉवर आपोआप सांभाळणारी सिस्टिम) करा. मॅन्युअल असेल तर 2000 च्या आसपास आरपीएम ठेवून क्लच सलग सोडायचा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक सोडून पाय हळूहळू दाबत जायचा, फुल थ्रॉटल गाडी नीट धावायला लागल्यावरच. पुढच्या रनला आरपीएम 200-300 ने वाढवा आणि तेवढंच बदला, हवा आणि आरपीएम दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. लाँच बरोबर बसला की मागचा भाग दबतो, नाक वर येतं, स्टेअरिंग हलकं लागतं आणि पाठ सीटला टेकलेलीच राहते. चाकं नुसती फिरत असतील तर इंजिनचा आवाज झपकन वर जातो पण पाठीवरचा दाब कमी होतो, तो दाब कमी झाला की तेवढाच पाय उचलायचा. आणि मागून धाड धाड धाड असे दणके बसायला लागले तर तो व्हील हॉप, तिथे रन सोडून द्या, लगेच, त्यात अ‍ॅक्सल आणि डिफरेन्शियल तुटतात. गाडी आडवी जायला लागली तरी तेच, पाय उचला, स्टेअरिंग सरळ करा, ब्रेक दणकन मारू नका.

फिनिश लाइन पूर्ण पार झाल्यावरच पाय काढायचा आणि ब्रेक सावकाश लावायचा, शेजारची गाडी कुठे आहे ते बघितल्याशिवाय वळायचं नाही, बाहेर पडायचा रस्ता ज्याच्या बाजूला आहे तो आधी वळतो. काही गळायला लागलं किंवा तुटलं तर भिंतीच्या कडेला घेऊन तिथेच थांबा, तसेच पुढे चालवत आलात तर सगळ्या ट्रॅकवर ऑइल पसरतं आणि मागचा माणूस त्यावरून जातो.

रनच्या टायमिंगची चिठ्ठी, म्हणजे स्लिप, हातात आली की सगळे आधी ईटी बघतात, मी आधी 60 फुटांचा आकडा बघायला सांगेन आणि मग ट्रॅप स्पीड. ट्रॅप स्पीड शेवटच्या 66 फुटांवर मोजतात आणि तो बराचसा पॉवर सांगतो. स्पीड चांगला पण ईटी खराब, म्हणजे वेळ लाँचमध्ये गेली. रनमागून रन स्पीडच कमी होत चालला तर इंजिन तापलंय, टर्बो आणि सुपरचार्जरच्या गाड्यांत हे हमखास होतं. बॉनेट उघडा ठेवून इनटेकचं टेम्परेचर खाली येईपर्यंत थांबा, लगेच लाइनमध्ये जाऊन उपयोग नाही. थांबताना हँडब्रेक ओढू नका, ब्रेक तापलेले असतात, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा.

निघताना टायरची हवा परत नेहमीएवढी भरा, नट पुन्हा एकदा टॉर्क करा आणि गाडीखाली वाकून काही ठिबकतंय का ते बघूनच रस्त्याला लागा.