यादृच्छिक चल समजून घ्यायचा तर सूत्रं बाजूला ठेवा

यादृच्छिक चल शिकताना आधी द्विपद आणि प्वासाँ या संभाव्यतेतल्या ठरावीक वितरणांची सूत्रं पाठ करा, बाकीचं आपोआप कळेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाठ होतात, कळत काही नाही. एक लाल, एक निळा फासा आणि कागद घ्या.

सगळ्या जोड्या लिहा. (लाल, निळा) अशा ३६ होतील.

आता प्रत्येक जोडीला एक संख्या द्यायची. मी इथेच कित्येक दिवस अडकलो होतो. 'चल' म्हटल्यावर मला बीजगणितातला क्ष आठवायचा आणि मी त्याची किंमत शोधत बसायचो. शोधायचं काही नसतंच! यादृच्छिक चल हा एक नियम असतो, आणि तो आपणच ठरवतो. आपला नियम असा: दोन आकड्यांतला मोठा तो क्ष. म्हणजे (२,५) ला ५, (५,२) लाही ५ आणि (३,३) ला ३. नियम पक्का, कुठली जोडी पडेल तेवढं अनिश्चित. छत्तीसही जोड्यांपुढे संख्या लिहा. कंटाळा येईल, पण गाळू नका.

मग सारख्या संख्यांचे गठ्ठे करा. क्षच्या किमती सहा, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/६ असं वाटेल. साफ चूक. समान शक्यता जोड्यांची होती, किमतींची नव्हे. १ येतो फक्त (१,१) मुळे. ६ मात्र ११ जोड्यांतून येतो. (बारा मोजल्या असतील तर (६,६) दोनदा धरली आहे.) दालांबेरसारखा गणितीही १७५४ मध्ये असाच घसरला. नाणं दोनदा उडवल्यावर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ सांगितली. ती ३/४ आहे. पहिल्यांदाच छापा पडला की पुढे उडवायचं कशाला, म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या, आणि त्याही समान!

गठ्ठ्यांत अनुक्रमे १, ३, ५, ७, ९, ११ जोड्या आल्या की प्रत्येक संख्येला ३६ने भागा. झालं वितरण, म्हणजे क्षच्या कोणत्या किमतीची संभाव्यता किती याची यादी. बेरीज १ आली पाहिजे. किमती अशा सुट्या सुट्या मांडता येतात म्हणून ते विविक्त. उंची किंवा वेळ मोजायची असेल तर हे गठ्ठे चालत नाहीत.

अपेक्षित मूल्यासाठी प्रत्येक किंमत तिच्या संभाव्यतेने गुणा आणि बेरीज करा: १६१/३६, सुमारे ४.४७. असा आकडा फाशावर नाही म्हणून दचकू नका. पुष्कळ वेळा फासे टाकले की क्षची सरासरी याच्या आसपास येते.

आता मोठ्याऐवजी लहान आकडा घेऊन त्याच ३६ जोड्या पुन्हा मांडा. गठ्ठे उलट क्रमाने आले, की द्विपदाचं सूत्र खुशाल उघडा.