टूलचं वर्णन आधी कोड न बघता वाचा

कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइटवरची माहिती आणणारं टूल (मॉडेलने गरजेनुसार बोलवायचं फंक्शन) एआय एजंटच्या हाती देण्याआधी त्याचं वर्णन कोड न बघता वाचा. ‘युजरची माहिती आणतं’ एवढंच लिहिलं असेल, तर मॉडेलची पंचाईत होते: रेटिंगचा इतिहास हवाय की सबमिशन्स, म्हणजे युजरने पाठवलेली उत्तरं? कोडफोर्सेसवर या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. हँडल म्हणजे साइटवरचं युजरनेम, खरं नाव नव्हे, वेळ युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या) येते, २ सेकंदांत १ च विनंती चालते, प्रश्नांच्या यादीत प्रश्नाचा मजकूर नसतो, हे वर्णनातच हवं. (शेवटचं हमखास राहतं, आणि मग एजंट मजकूर मनाने रचतो.) नंतर एजंटला दहाबारा प्रश्न विचारून बघा, दोनतीन मुद्दाम या टूलने न सुटणारे. तिथेही एजंट टूल बोलावत असेल, तर ते कधी वापरू नये याची ओळ वाढवा.