ओल धरणारी सिलिका

वीजरोधक म्हणून वापरायच्या इपॉक्सी रेझिनमध्ये ३ टक्के नॅनोसिलिका (सिलिकेची अतिसूक्ष्म पूड) घातली, तर नमुने नुसत्या इपॉक्सीपेक्षाही कमी व्होल्टेजला फुटू लागले, म्हणजे वीज त्यांच्या आरपार जाऊ लागली. आठवडाभर मी मिश्रणातले हवेचे बुडबुडे काढणाऱ्या व्हॅक्यूम पंपालाच शिव्या देत होतो. बिचारा निर्दोष निघाला. तुकडा उजेडासमोर धरला तेव्हा आत पांढुरके ठिपके दिसले. सिलिकेच्या कणांवरचे हायड्रॉक्सिल (OH) गट हवेतली ओल धरतात, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. आणि माझी पूड तर ऐन पावसाळ्यात रात्रभर उघडी!

मग इथेनॉल-पाण्यात ॲसिटिक ॲसिड टाकून पीएच ५ च्या आसपास आणला, इपॉक्सी गटाचं सायलेन (सिलिका आणि इपॉक्सी जोडणारं रसायन) घातलं, त्यात सिलिका ढवळली, धुतली, ११० अंशांवर वाळवली. सायलेनचं एक टोक सिलिकेला धरतं, दुसरं इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरशी जुळतं. पूड लगेच डब्यात बंद केली. या वेळी तुकड्यात ठिपका नाही, आणि ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याला नमुना फुटतो ते) नुसत्या इपॉक्सीच्या थोडं वरच.