गॅदरिंगला ड्रॅक्युला उभा करायचा असेल तर

डिसेंबर लागला की आमच्या दुकानातला फोन खाली ठेवायची सोय राहत नाही. अंबाजोगाईत माझं ड्रेपरीचं दुकान आहे. शिवाजी महाराज, जिजाऊ, सावित्रीबाई, वासुदेव, पोलीस, यमराज, सगळे खुंटीला टांगलेले. गेल्या काही वर्षांत त्यात एका पाहुण्याची भर पडली. केज-धारूरकडचे गुरुजी फोन करतात, "भाऊ, ते रक्त पिणाऱ्याचं असतंय का तुमच्याकडं? पोरं ऐकंना गेलेत."

असतंय. काळा झगा, आतून लाल अस्तर. पण झगा नेला अन् पोराच्या अंगावर टाकला की ड्रॅक्युला झाला, असं नसतं. मी विंगेत उभा राहून डझनभर ड्रॅक्युले बघितलेत. त्यातले निम्मे लोकांनी हसून हाकलले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. झगा न्यायला येणाऱ्यानं आधी हे वाचावं, म्हणजे माझं तोंड दुखायचं थांबेल.

आधी परवानगीचं. दरवर्षी कुणीतरी विचारतं, इंग्रजी गोष्ट आहे, कुणी हरकत तर घेणार नाही ना? 'ड्रॅक्युला' ही ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ सालची. स्टोकर १९१२ला वारला. आता ती सगळ्यांची झाली. एके काळी मात्र हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. जर्मनीत १९२२ साली 'नोस्फेराटू' नावाचा मूकपट आला, तो नावं बदलून त्याच गोष्टीवर बेतलेला होता. स्टोकरच्या बायकोनं दावा लावला, कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून सांगितलं. काही प्रती वाचल्या, म्हणून आज तो सिनेमा आहे. तुमच्या गॅदरिंगला असलं काही होणार नाही, बिनघोर बसवा.

एक गोष्ट मात्र टाळा. त्याला वेताळ म्हणू नका. बर्टन नावाच्या इंग्रजानं १८७० साली आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं भूत, करून टाकलं. आपला वेताळ झाडाला उलटा लटकतो, प्रेतात शिरतो, कोडी घालतो. पण कुणाच्या मानेला तोंड लावत नाही. शिवाय कितीतरी गावांना वेताळाचं ठाणं असतं, लोक नारळ फोडतात. एका गावात पोरांनी नाटकाला वेताळाचं नाव दिलं अन् पहिल्याच रांगेतले एक म्हातारे काठी टेकत उठले, "आमच्या देवाला रगत पाजायलेत का रे?" नाटक तिथंच थांबलं. गुरुजींनी माईकवर माफी मागितली तेव्हा कुठं पडदा परत उघडला. परदेशी आहे ना, परदेशीच राहू द्या त्याला.

आता खरं काम. कुठलंही पोरगं ड्रॅक्युला म्हटलं की दात अन् रक्त इथूनच सुरुवात करतं. तुम्ही उंबऱ्यापासून करा.

कादंबरीत एक नियम आहे: घरातल्या कुणीतरी 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही. लंडनमध्ये हा नियम भारी असेल, तिथं लोक दार लावून बसतात. आपल्याकडं हाच नियम भयंकर आहे, कारण आपल्याकडं 'आत या' हे म्हणायच्या आधीच तोंडातून निघालेलं असतं. माझी आई वीजबिलवाल्यालासुद्धा चहा पाजल्याबिगर सोडत नाही.

तर असं बसवा. दोन विटा, त्यावर एक फळी, गेरूनं रंगवलेली. झाला उंबरा. आत आजी शेंगा फोडत बसलेली. आधी शेजारीण ताक मागायला येते, न विचारता सरळ आत. मग भिशीवाला, तोही सरळ आत. मग हा येतो अन् उंबऱ्याशी थांबतो. काही बोलत नाही, नुसता थांबतो. आजी मान वर करते अन् आपलं रोजचं म्हणते, "आत या की, भाईर काहून थांबलाव?" तो एक पाय उचलतो, फळीवरून आत ठेवतो अन् मग दुसरा. या दोन पावलांना पूर्ण पाच अंक मोजायला लावा पोराला. घाई करू देऊ नका. आधीचे दोघं भसाभसा आत गेलेत, म्हणून याचं थांबणं लोकांच्या लक्षात येतं. एका वर्षी या जागी मांडवातली लेकरं एकदम गप झाली. त्या पोराला दातसुद्धा लावलेले नव्हते.

बाकीच्या नियमांपैकी कामाचे तेवढेच उचला. लसूण सोडून द्या. आपल्याकडं ठेच्यात लसूण, चटणीत लसूण, फोडणीत लसूण. ड्रॅक्युला मराठवाड्यात उतरला तर उपाशीच मरेल. आजीनं लसणाची माळ काढली की लोक हसतात, अन् एकदा हसले की परत घाबरत नाहीत. विनोदी नाटुकलं करायचं असेल तर मात्र लसणासारखी गोष्ट नाही, ठेच्याची वाटी पुढं करा. वाहत्या पाण्याचाही एक नियम आहे. भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळा सोडल्या तर त्याला वाहतं पाणी ओलांडता येत नाही. ज्या मांजरेच्या खोऱ्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं या नियमाचं काय करणार? एका पोरानं हेच वाक्य नाटकात घातलं होतं: "मालक, नदी कोरडीय, या बिनधास्त." टाळ्या तिथंच पडल्या.

उन्हाचा प्रश्न हमखास येतो. खेड्यातली गॅदरिंगं बऱ्याचदा दुपारी असतात, कारण संध्याकाळच्या लाइटीचा भरवसा नाही. गुरुजी म्हणतात, दुपारी बाराला ड्रॅक्युला कसा आणायचा, जळून नाही का जाणार? नाही जाणार. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर भर दिवसा हिंडतो. दिवसा त्याची ताकद कमी होते, एवढंच. उन्हानं मरण्याची भानगड 'नोस्फेराटू'नं आणली अन् पुढच्या सिनेमावाल्यांनी ती उचलून धरली. म्हणजे दुपारचा प्रयोग मूळ पुस्तकाला धरूनच आहे. कुणी शहाणपणा शिकवला तर एवढं सांगा.

आता झगा. त्याची उभी कॉलर नुसती दिसण्यासाठी नाही. इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीननं १९२४ साली या कादंबरीचं नाटक केलं, त्यात ती आली. नटानं प्रेक्षकांकडं पाठ केली की कॉलरनं त्याचं डोकं झाकायचं. मग तो खाली चोरदारातून सटकायचा अन् बाकीच्यांच्या हातात नुसता झगा राहायचा. पुढं १९२७ साली ब्रॉडवेवर बेला लुगोसीनं ती भूमिका केली, १९३१च्या सिनेमातही तोच होता, अन् झगा कायमचा चिकटला.

आपल्या स्टेजला चोरदार कुठून असणार? पण ही करामत होते. माझ्या झग्याच्या कॉलरीत दुहेरी बकरम, म्हणजे आतलं कडक कापड, आहे अन् कडेनं सेंट्रिंगवाल्यांकडची बाइंडिंगची तार फिरवलीय, त्यामुळं ती डोक्याबिगरही उभी राहते. गळ्याला गाठ नाही, एकच टिचबटन आहे. मागं टेबल ठेवा, त्यावर जमिनीपर्यंत सतरंजी सोडा. शेवटी दोघंजण ड्रॅक्युलाला दोन्ही खांद्यांना धरतात. पोराचं तोंड मागं, टेबलाकडं. त्यानं बटन काढायचं, गुडघ्यात बसायचं अन् सतरंजीखालून टेबलामागं, तिथून विंगेत. धरणाऱ्यांनी झगा तसाच, त्याच उंचीवर धरून ठेवायचा. सगळा खेळ यात आहे. पोरं नेमकी इथं माती खातात, आतलं माणूस गेलं की यांचे हात खाली येतात. मनात तीन मोजायचे, मग झगा सोडायचा. तो रिकामा खाली बसतो तेव्हा मांडवातून जो आवाज येतो, त्यासाठी मी अजून विंगेत थांबतो. निदान दहा तालमी याच एका गोष्टीच्या करा. पाठांतर कच्चं राहिलं तरी चालेल.

तोंड रंगवताना पांढरं फासू नका. आपल्या सावळ्या पोराला पांढरा थापला की तो व्हॅम्पायर होत नाही, सोंगाड्या होतो. त्याच्या रंगाहून एकच छटा उजळ फाउंडेशन, वर थोडी पावडर, डोळ्यांच्या खोबणीत अन् गालफडाखाली तपकिरी सावली, ओठांवरही फाउंडेशन म्हणजे ओठ मेल्यासारखे दिसतात. बास. हार्डवेअरच्या दुकानातला सफेदा कुणी आणला तर बाहेर फेका, लेकराच्या तोंडाला लावायची वस्तू नाही ती.

दातांबद्दल माझं मत ऐकाल तर लावूच नका. जत्रेतले प्लास्टिकचे दात तोंडात घातले की पोराचं 'मी आलो' हे 'भी आभो' होतं अन् लाळ गळते ती वेगळीच. लुगोसीच्या १९३१च्या सिनेमात टोकदार दात दिसतच नाहीत. लालभडक डोळे, सुळे अन् रंगीत रक्त हे लोकांच्या डोक्यात बसवलं १९५८च्या हॅमर कंपनीच्या सिनेमानं अन् त्यातल्या क्रिस्टोफर लीनं. लुगोसीच्या वेळी जोर होता डोळ्यांवर. बारीक झोत नेमके डोळ्यांवर सोडलेले. संध्याकाळचा प्रयोग असेल तर हे घरच्या घरी होतं. पुठ्ठ्याला आडवी, बोटभर रुंद चीर पाडा, मागून टॉर्च धरा, एका शांत पोराला स्टेजच्या कडेला पालथं झोपवा अन् चिरेतला उजेड फक्त डोळ्यांच्या पट्टीवर पाडा. टॉर्च हलली तर बाद. दुपारी हे जमत नाही, नाद सोडा.

आरशात त्याचं प्रतिबिंब पडत नाही, हेही कादंबरीतलंच. तिथं एक पाहुणा दाढी करत असतो, मागून खांद्यावर हात पडतो, आरशात मात्र कुणीच नाही. आपण हे सलूनमध्ये करतो. आरशाची नुसती रिकामी चौकट प्रेक्षकांच्या बाजूला लावा अन् गिऱ्हाईक तिच्यातून थेट लोकांकडं बघत बसू द्या. मागून ड्रॅक्युला येतो. लोकांना तो दिसतो, गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्यानं मिशी न्याहाळत बसायचं, एवढंच. पुढचं काम पहिली-दुसरीची लेकरं करतात, "ए काका, मागं बघ, मागं!"

गाण्याचं विचारू नका, डीजेवाला ऐकत नाही. त्यानं बाउहाउस नावाच्या इंग्रजी बँडचं १९७९चं लुगोसीवरचं गाणं कुठूनतरी काढलं होतं. गाणं झकास, पण नऊ मिनिटांच्या वर चालतं अन् आपलं नाटक बारा मिनिटांचं. १९३१च्या सिनेमात सुरुवातीच्या पाट्यांवर 'स्वान लेक' या बॅलेच्या संगीताचा तुकडा वाजतो, पुढं बहुतेक शांतताच आहे. शांतता फुकट मिळते. फारच वाटलं तर तुणतुण्याची एकच तार, उंबऱ्याच्या प्रसंगात, हळू. संबळ नको, ते देवीचं वाद्य आहे.

राहिलं रक्त. कुंकू पाण्यात कालवून तोंडाला लावायचं नाही, त्यात काय काय असतं ते पोटात जायला नको, अन् आयाबायांनाही ते बघवत नाही. गुऱ्हाळावरून काकवी आणा. अर्धी वाटी काकवीत खायचा लाल रंग चमच्याच्या टोकानं टाका, लागेल तसा वाढवा. चमचाभर कॉर्नफ्लोर थोड्या पाण्यात शिजवून, गार करून त्यात मिसळा, नाहीतर रक्त पारदर्शक दिसतं, सरबतासारखं. काकवीचा मूळ तपकिरी रंग आहे, म्हणून लाल उठून न येता दाट, सुकत आलेल्या रक्तासारखा दिसतो. आधी पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकून लांबून बघा. तोंडात भरायचं नाही. झग्याची बाही तोंडापुढं धरली की आतल्या आत बोटानं हनुवटीला एक ओघळ, पुरे. शाळेचा पांढरा शर्ट असेल तर डाग निघणार नाही, हे पालकांना आधीच सांगा.

अन् झगा परत करताना ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून आणा. एकानं काकवी लागलेला तसाच घडी घालून दिला. मीही न बघता ट्रंकेत टाकला. चार दिवसांनी उघडलं तर झगा, यमराजाची मिशी अन् दोन वासुदेवाच्या टोप्या, सगळं मुंग्यांनी काळं झालेलं. अस्तर पुसा, कॉलर तेवढी पाण्यात बुडवू नका. बकरमनं एकदा मान टाकली की कॉलर परत उभी राहत नाही.