मुखडा सुचतो, पण गाणं पूर्ण होत नाही: अंतरा चालीत कसा बसवायचा

नव्या गीतकाराच्या वहीत मुखडे, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, ढीगभर असतात आणि पूर्ण गाणी एखाद-दोन. प्रतिभा आटली, असं त्याला वाटू लागतं. खरं कारण साधं आहे. मुखड्याचे शब्द आणि चाल बहुतेकदा एकदमच सुचतात, त्यामुळे ते एकमेकांना बसलेलेच असतात. अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात, चाल आधी ठरते आणि तिच्यावर नवे शब्द बसवावे लागतात. हे वेगळं कसब आहे आणि सरावाने येतं. ‘मनापासून लिहा, आपोआप बसेल’ या सल्ल्याने इथे काहीही होत नाही.

1. मुखडा सुचला की लगेच फोनवर तीनदा गाऊन ठेवा. उद्या आठवेल म्हणून सोडू नका. दुसऱ्या दिवशी आठवते ती चाल बऱ्याचदा आधी ऐकलेल्या एखाद्या गाण्याकडे झुकलेली असते.

2. टाळी देत गा आणि ठेका ओळखा: आठ मात्रांचा केहरवा की सहा मात्रांचा दादरा. पहिल्या गाण्यासाठी सात मात्रांचा रूपक घेऊ नका. त्याची सम (ठेक्याची पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, असते आणि ती सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं.

3. पट्टी (गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा ते) अंतऱ्यावरून ठरवा, मुखड्यावरून नाही. अंतरा वर चढतो. त्यातला सर्वांत वरचा सूर सलग तीनदा न ताणता लागला पाहिजे. लागत नसेल तर पट्टी अर्धा-एक सूर खाली आणा.

4. अंतऱ्याची चाल शब्दांशिवाय, नुसत्या ‘ला ल ल’वर पूर्ण बांधा आणि तीही ध्वनिमुद्रित करा.

5. आता शब्द. बहुतेक गाणी इथेच सोडून दिली जातात, म्हणून या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

आधी मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक (लघू), दीर्घाची दोन (गुरू). अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट होत असेल तर ते अक्षर गुरू. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर मागचं अक्षरही गुरू. हा आघात कानाने तपासायचा असतो, डोळ्याने नाही. ‘सत्य’मधल्या ‘स’वर जोर येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर येत नाही, म्हणून एकच. ‘दिव्य’ आणि ‘दिव्यांची’ या दोन शब्दांत जोडाक्षर तेच आहे, पण पहिल्यातला ‘दि’ गुरू आणि दुसऱ्यातला लघू. हे न कळल्यामुळे कागदावर मात्रा जुळतात आणि गाताना ओळ अडखळते.

समजा, ओळ अशी आहे: ‘दूर दिव्यांची ओळ दिसे’. ‘दूर दिव्यांची’च्या आठ मात्रा, ‘ओळ दिसे’च्या सहा, एकूण चौदा. केहरव्याची दोन आवर्तनं (ठेक्याच्या दोन पूर्ण फेऱ्या) म्हणजे सोळा. उरलेल्या दोन मात्रा श्वासाच्या. त्या शब्दांनी भरू नका, गाणाऱ्याचा दम तिथेच परत येतो. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं साधन) मिनिटाला 80 ठोक्यांवर ठेवून एका ठोक्यात दोन मात्रा घेतल्या तर ही ओळ सहा सेकंदांत बसते.

आता याच चालीवर पुढची ओळ हवी आहे आणि तुम्ही लिहिलंत, ‘किती दिवस मी वाट बघू’. मोजा: आठ आणि सहा, चौदाच. तरीही गाऊन पाहिल्यावर ‘कीऽति दिवस’ असं ऐकू येतं. चालीत पहिला सूर दोन मात्रांचा आहे, तिथे ‘दू’ होता. आता तिथे ऱ्हस्व ‘कि’ आला आणि ताणला गेला, तर दीर्घ ‘ती’ एका मात्रेत चेपला गेला. बेरीज जुळणं पुरेसं नाही, लघु-गुरूंचा क्रमही जुळायला हवा. निदान चालीतले लांब सूर जिथे आहेत तिथे दीर्घ अक्षर हवंच. ‘रोज किती मी वाट बघू’ म्हणा. अर्थ जवळजवळ तोच आणि ओळ जागच्या जागी बसते. ‘वाट तरी ही का सरते’ हीसुद्धा तशीच बसते, कारण क्रम तोच आहे.

‘गायक सांभाळून घेईल’ असं म्हणून वाकडी ओळ पुढे ढकलू नका. सांभाळून घेणं म्हणजे शब्द मोडणं. ऐकणाऱ्याला चूक कुठे आहे हे सांगता येणार नाही, पण गाणं परकं वाटेल.

दुसरी अडचण शब्द फुटण्याची. चालीत जिथे श्वास किंवा ठहराव आहे, तिथे शब्द पूर्ण झालेला असावा. ‘पाऊस’ मध्येच तुटला तर ‘पा’ मागे राहतो आणि श्रोत्याला ‘ऊस’ ऐकू येतो. ‘उजाडले’मध्ये ‘ड’नंतर थांबलात तर पहाट जाऊन ‘उजाड’ उरतं, म्हणजे अर्थच उलटा. प्रत्येक ओळीत श्वासाच्या जागी पेन्सिलने रेघ मारा आणि रेघ एखाद्या शब्दाच्या पोटातून जाते का ते बघा. गेली तर शब्द बदला. चाल फार लाडकी असेल तर अवश्य शब्दच बदला, शब्द लाडका असेल तर चाल. पण दोन्ही तसेच ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

समेवर काय येतंय तेही पाहा. समेवर जोर पडतो, म्हणून तिथे ओळीतला वजनदार शब्द यावा. ‘आणि’, ‘तर’, किंवा ‘ला’सारखा प्रत्यय समेवर आला की ओळ पोकळ वाटते. तसंच लांब सुराचं. बोलताना ‘वाट’मधला ‘ट’ अर्धा राहतो, गाताना तो मोकळा होतो. इथवर ठीक, पण त्याच ‘ट’वर लांब सूर आला तर ‘वाटाऽ’ होतं. लांब सूर ‘वा’वर घ्या. वरच्या सुरावर ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ असलेली अक्षरं ठेवा. ‘ई’ आणि ‘ऊ’वर नवख्या गळ्याला ताण पडतो.

एका ओळीला सात-आठ पर्याय लिहावे लागले तर काही चुकतंय असं समजू नका. तेवढे लागतातच. पर्याय खोडू नका, शेजारी ठेवा. पहिल्या अंतऱ्यात न बसलेली ओळ दुसऱ्यात बसते, असं पुष्कळदा घडतं. एका बैठकीत दोन ओळी पक्क्या झाल्या तर थांबा. थकलेला कान वाकडी ओळही सरळ म्हणून पास करतो.

6. अंतऱ्याची शेवटची ओळ, म्हणजे क्रॉसलाइन, मुखड्याच्या पहिल्या सुराजवळ आणून सोडा आणि तिचं यमक मुखड्याशी जुळवा. ती दूर संपली तर मुखड्यावर उडी मारावी लागते.

7. दुसरा अंतरा त्याच चालीवर. पहिल्या अंतऱ्याचे लघु-गुरू कागदावर मांडलेले असतील तर हे काम निम्म्या वेळात होतं.

8. एक दिवस जाऊ द्या आणि मग ध्वनिमुद्रण ऐका. त्यानंतर गाणं दुसऱ्या कुणाला तरी शिकवा आणि कागद हातात देऊन गायला सांगा. तुम्ही स्वतः गाता तेव्हा नकळत सगळे खड्डे चुकवता. दुसरा माणूस जिथे दोनदा अडखळतो, ती जागा गाण्याची चूक आहे, त्याची नाही. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ हेच येतं. ‘कोणता शब्द कळला नाही?’ असं विचारा. कौतुकापेक्षा या प्रश्नाच्या उत्तराने आत्मविश्वास जास्त वाढतो, कारण त्यातून दुरुस्तीची नेमकी जागा कळते.

एका गाण्याला दोन आठवड्यांची मुदत द्या. तेवढ्यात जसं होईल तसं पूर्ण करा, तारीख घाला आणि पुढचं धरा. एकच मुखडा वर्षभर घासत बसण्यापेक्षा दहा सामान्य गाणी पूर्ण केलेला माणूस पुढे जातो, कारण त्याने वीस अंतरे बसवलेले असतात. पहिलं गाणं केहरव्यात झालं असेल तर दुसरं दादऱ्यात करा. तिथे चौदा मात्रांच्या ओळीनंतर अठरा (सहाची तीन आवर्तनं) पूर्ण व्हायला चार मात्रा मोकळ्या राहतात. त्या लांब सुरांना द्यायच्या की शब्दांना, हे गाऊन ठरवा.