ओल्या मक्याची हवा रात्री बंद करू नका

परतीच्या पावसात कणसं भिजतात. मळणीयंत्राचा नंबर संध्याकाळी लागतो, मळलेला मका ताडपत्रीखाली जातो आणि घरचे झोपतात. सकाळी ढिगात हात घातला तर आत ऊब, नाकाला आंबूस वास. दरवर्षी हेच बघतोय. ओला दाणा श्वास घेतो, तापतो. बुरशीला आणि मग तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषाला आणखी काय हवं?

गटाचा ड्रायर असला तरी चूक तीच: वीजबिल वाचवायला रात्री पंखा बंद. इथे कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन उपयोगी पडतं. मका वाळवण्याचं असं गणित अमेरिकेत १९६८ सालीच मांडलंय. ढिगाचे पातळ थर कल्पायचे आणि खालून वर जाणारी हवा प्रत्येक थरातून किती पाणी उचलते, ते टप्प्याटप्प्याने काढायचं. २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत मका साधारण १६ टक्के ओलाव्यावर अडतो, पंखा कितीही चालवा. तीच हवा बर्नरने ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते आणि मका पुढे वाळतो. पण २२ टक्क्यांचा मका रात्रीच्या दमट हवेनेही भिजत नाही, उलट थंड राहतो. म्हणून ओलावा १८ च्या वर असेल तर बर्नर विझवा, पण पंखा चालूच ठेवा.

विक्रेता मोठा बर्नर गळ्यात मारेल. त्याने खालचा थर करपतो, वरचा ओलाच राहतो. १८ टक्क्यांचा क्विंटलभर मका १४ वर आणला तर ९५.३ किलो भरतो, १० वर नेला तर ९१.१. म्हणजे इंधन जाळून चार किलो वजन घालवलं! आधी थराची जाडी कमी करून बघा, आणि खर्च करायचाच तर दाण्याचा ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरवर करा. सिम्युलेशनच्या गणितात पंख्याच्या पाटीवरचा हवेचा आकडा भरू नका. दाण्यातून हवा त्याहून बरीच कमी जाते.

बाकी कामं:
- दव उठल्यावर पसरणे, थर ५ सें.मी.
- दर तासाला उलथणे
- बियाण्याला ४३ अंशांपेक्षा गरम हवा नको
- विक्रीला १४ टक्के, साठवणीला १२
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब

मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा. कट्‌ वाजला तर १४ च्या जवळ, चेपला तर अजून ओला. हा माझा अंदाज, बाजार समितीत चालणार नाही.

आज आभाळ असेल तर ताडपत्री बांबूंवर ताणा, दाण्यावर टेकू देऊ नका. पाऊस थांबला की काढा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.