एक फाइल, सत्तर अँटिव्हायरस: घरच्या कॉम्प्युटरची तपासणी कशी करावी

कॉम्प्युटर विनाकारण मंदावला, ब्राउझर भलतीच पानं उघडू लागला, की आत काही शिरलंय का ही शंका येतेच. घरातला अँटिव्हायरस ‘सगळं ठीक’ म्हणत असला तरी मन मानत नाही. अशा वेळी व्हायरसटोटल ही मोफत सेवा वापरावी. ती २००४ साली स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झाली आणि २०१२ मध्ये गूगलने विकत घेतली. तुम्ही दिलेली फाइल ती सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासून घेते. त्यात पुण्याचं क्विक हीलही आहे. व्हायरसटोटल फक्त निदान करतं, फाइल पुसून टाकत नाही. तेव्हा नेहमीचा अँटिव्हायरस चालूच ठेवा.

संशय एखाद्या फाइलवर असेल तर ती उघडू नका. आधी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ‘बिल.पीडीएफ’ म्हणून मेलवर आलेली फाइल पुष्कळदा इथेच ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ निघते, म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या संशोधकांना उतरवून घेता येते. आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, ऑफिसची कागदपत्रं तिथे कधीही चढवू नका. त्याऐवजी फाइलचा हॅश शोधा. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच. त्यावरून आतला मजकूर कुणाला वाचता येत नाही. फाइली झिप करणारं सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून ‘एसएचए-२५६’ निवडा. जी ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळेल ती व्हायरसटोटलच्या ‘सर्च’मध्ये टाका. काहीच सापडलं नाही, तर ती फाइल तिथे अजून कुणी पाठवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. मग फाइल खासगी नसेल तरच चढवा. ६५० एमबीपर्यंत चालते. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आतलं मात्र इंजिनांना दिसत नाही. मेलमध्ये झिप आणि तिचा पासवर्ड दोन्ही येतात ते अनेकदा याचसाठी.

आता निकाल. किती इंजिनांना फाइल घातक वाटली हे सांगणारा वर्तुळातला आकडा बघून लगेच घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. सत्तरपैकी एकदोघांनीच लाल दाखवलं, तेही फारशी माहिती नसलेल्या इंजिनांनी, तर खोटा इशारा असण्याची शक्यता बरीच असते. लहान डेव्हलपरच्या प्रामाणिक सॉफ्टवेअरला असा त्रास नेहमी होतो. नावंही वाचा. ‘जेनेरिक’, ‘ह्युरिस्टिक’ असं मोघम लिहिलं असेल तर तो अंदाज असतो. पाचसहा नामांकित इंजिनांनी एकाच ट्रोजनचं (साळसूद प्रोग्रॅमच्या रूपात शिरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचं) नाव घेतलं असेल तर फाइल घातक समजा. मग ‘डिटेल्स’ उघडा. तिथे फाइल पहिल्यांदा कधी आली ती तारीख आणि डिजिटल सही, म्हणजे फाइल कुणी बनवली याची खूण, दिसते. आजच पहिल्यांदा आलेल्या, सही नसलेल्या फाइलला शून्य मिळालं तरी ती चालवू नका. एकदोन दिवसांनी ‘रीअ‍ॅनालाइझ’ करून पुन्हा बघा.

संशय कुठल्या एका फाइलवर नसून सगळ्या कॉम्प्युटरवरच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘चेक व्हायरसटोटल डॉट कॉम’वर टिक करा. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा हॅश जातो आणि शेजारच्या रकान्यात ‘०/७२’ असे आकडे उमटतात. खालचा ‘सबमिट अननोन एक्झिक्युटेबल्स’ हा पर्याय बंदच ठेवा, कारण त्याने अनोळखी फाइलच पाठवली जाते. आकडा लाल असेल तर फाइलचा पत्ता बघा. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे विंडोजचं नेहमीचं नाव आहे, पण ती फाइल ‘सिस्टम३२’मध्ये नसून ‘अ‍ॅपडेटा’त बसली असेल तर ती बहुधा तोतया आहे. याच संचातला ऑटोरन्स कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय चालतं ते असंच तपासतो. संशयित नोंद पुसू नका, फक्त टिक काढा. चूक झाली तर परत लावता येते.

मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, आहे अशी खात्री झाली की आधी इंटरनेट तोडा. ‘विंडोज सिक्युरिटी’तल्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल, तेव्हा उघडं काम सेव्ह करून ठेवा. मेल आणि बँकेचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, कारण चोरलेल्या कुकीज (तुम्ही लॉगिन केल्याची ब्राउझरमधली नोंद) वापरून पासवर्डशिवायही खात्यात शिरता येतं. खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर स्कॅन पूर्ण होण्याची वाट न बघता आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.